हळद लागलेले दिवे

गाडीचे कंपनीनं दिलेले, चांगले चालणारे पिवळे दिवे काढून टाकून मी त्या जागी पांढरेशुभ्र एलईडी बसवले. जुने फुटले नव्हते, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलेही नव्हते. बायकोचा भाऊ नको म्हणत होता, वडील नको म्हणत होते, आणि दिव्याच्या डब्यावर बारीक अक्षरात काहीतरी छापलं होतं तेही बहुधा नकोच म्हणत असावं. मी बसवले.

आज सकाळी गॅलरीचं दार उघडलं तर समोरचा टॉवर नव्हता. सतरा मजली इमारत, तिच्यावरची पाण्याची टाकी, आठव्या मजल्यावर वर्षभर वाळत घातलेली ती एकच हिरवी चादर, सगळं गेलं होतं. रेलिंगला थेंब लटकले होते. जळका पाला, कोळसा आणि ओलं सिमेंट यांचा मिळून एक वास येतो, तो आला आणि मी दार पुन्हा लावून घेतलं. दहाएक वर्षं झाली, दरवर्षी लावतो. धुकं गाझियाबादला सगळ्यांकडं येतं, पण माझ्याकडं ते वसुलीला आल्यासारखं येतं.

“आलं का?” आतून नानांनी विचारलं. नाना म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी, पेपर चष्म्याशिवाय वाचतात.

“आलं.”

“दिवे बघितलेस?”

दरवर्षी पहिल्या धुक्याला हा प्रश्न येतो. मेधा, माझी बायको, स्वयंपाकघरात हसते. मी हसत नाही. मला ती सकाळ अजून तळव्यांत जाणवते, ब्रेकवर ठेवलेल्या उजव्या तळव्यात तर जास्तच.

*

लहानपणी मी धुक्याला भीत नव्हतो. आम्ही तेव्हा दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारी एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला तमिळ, वर हिमाचलचे, आणि थंडीत सगळ्यांच्याच तोंडातून सारखीच वाफ निघायची. नाना मंत्रालयात होते. सकाळी मला शाळेत सोडताना स्कूटरवर पुढं उभं करायचे. माझं डोकं त्यांच्या हनुवटीखाली, त्यांचा मफलर माझ्या कानांवर. समोर कापूस पिंजून ठेवल्यासारखं पांढरं आणि त्यात स्कूटरचा दिवा निरांजनाएवढा. त्या पिवळ्या उजेडात दोन हात रस्ता दिसायचा. बस्स, दोन हात.

“नाना, पुढचं काहीच दिसत नाही.”

“चाकापुढचं दिसतंय ना? मग झालं.”

हे वाक्य मी बरीच वर्षं मोठं शहाणपण म्हणून जपून ठेवलं होतं. नंतर कळलं की स्कूटरची बॅटरी उतरलेली होती आणि नानांना ती बदलायला वेळ होत नव्हता.

पण भीती नव्हती हे खरं. मी तोंडातून वाफ सोडत विडी ओढल्याचं नाटक करायचो आणि नाना वरून टपली मारायचे. त्या क्वार्टरच्या गल्ल्यांना आपण कुठं जातो ते माहीत होतं. गल्ली संपली की दूध केंद्र, दूध केंद्र संपलं की बसस्टॉप. रस्ता मध्येच संपतो ही कल्पना मला चाळिशीपर्यंत कुणी करून दिली नव्हती.

ती करून दिली गाझियाबादनं. देश खुला झाला, कर्ज मिळायला लागलं, माझ्यासारख्या सेक्शन ऑफिसरलासुद्धा कुणीतरी ‘सर’ म्हणून चहा पाजून नकाशा दाखवायला लागलं. नकाशा फार सुंदर होता. त्यात झाडं होती, तलाव होता, सायकल चालवणारी एक बाई होती आणि नाल्यावर एक देखणा पूल होता. आम्ही राहायला आलो तेव्हा टॉवर होता, लिफ्ट होती, कधीमधी पाणीही होतं. झाडं, तलाव, बाई आणि पूल यायचे होते. रस्त्याला दिवेही यायचे होते. खांब आले होते.

त्या रस्त्याची मला भीती वाटायची. हे मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही, कारण पन्नाशीकडं झुकलेल्या माणसानं अंधाराला भिणं शोभत नाही. हिवाळ्यात ऑफिसातून येईपर्यंत अंधार पडलेला असायचा. हायवे सोडून आमच्या वसाहतीकडं वळलं की दोन्ही बाजूंना काळं शेत, अर्धवट उभे खांब, आणि समोरून डंपर. डंपरवाल्यांचे दिवे असे, की डोळे मिटूनही दिसावेत. मी माझे लावायचो ते त्यांच्यापुढं देवळातल्या समईसारखे. एकदा एक गाय दिसली ती गाडीच्या बॉनेटवर श्वास सोडत होती तेव्हा दिसली. त्या रात्री मी ठरवलं: उजेड वाढवायचा. भीती वाटते असं कबूल करायचं नसेल, तर माणूस खरेदीला निघतो.

*

मेधाचा धाकटा भाऊ शेखर मानेसरला गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. कंपनीच्या बसनं जातो, कंपनीच्या बसनं येतो आणि रविवारी आमच्याकडं जेवायला आला की आमटीत लिंबू पिळत दिव्यांबद्दल बोलतो. त्याला मी सहज म्हणून विचारलं.

“भाऊजी, अजिबात नको,” तो म्हणाला. “तुमच्या दिव्याच्या आत जो आरसा असतो ना, तो एका बारीक तारेसाठी बनवलेला असतो. तार नेमकी कुठं जळणार, त्याप्रमाणं आरशाची प्रत्येक वळी. तिथं तुम्ही दुसरंच काहीतरी घुसवलंत, की उजेड पडतो भरपूर, पण कुठं पडतो ते कुणालाच ठाऊक नसतं.”

“पण भरपूर पडतो ना?”

“भाऊजी…”

“आणि पिवळा दिवा काय वाईट आहे?” नाना मध्येच म्हणाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता. ताटातली भाजी कुठली ते वासावरून ओळखायचे. ज्याला स्वतःला दिसत नाही त्यानं उजेडावर मत द्यावं, याचं मला हसू आलं. मी हसलोही. ते हसू मला पुढं महाग पडलं.

करोल बागेतल्या त्या दुकानदाराला मात्र आरसा-बिरसा काही माहीत नव्हतं, त्यामुळं त्याचं बोलणं फार सरळ होतं. “सरजी, रात को दिन कर देगा.” डबी उघडून त्यानं दिवा हातात दिला. मागं चिमुकला पंखा. दिव्यालाही पंखा लागतो, म्हणजे काय प्रतापी वस्तू असेल! तो मागं मावेना म्हणून त्यानं दिव्यामागचं रबराचं झाकण कातरीनं कापलं. मला जरा वाईट वाटलं. पण त्यानं बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर असा लख्ख प्रकाश पडला की भिंतीवर लिहिलेल्या सूचना, पानाच्या पिचकाऱ्या आणि एका पालीची शेपटी, सगळं एकदम दिसलं. मी म्हणालो, “बिल्कुल बढ़िया.” तो म्हणाला, “सरजी, पीछे भी करा लो.” मी पीछे भी करवून घेतलं. ब्रेक दाबला की उघडझाप करणारे लाल दिवे. आता आठवलं की वाटतं, त्या दुकानदारानं सुचवलं असतं तर मी छपरावरही एक बसवून घेतला असता.

घरी आणून मेधाला दाखवले. ती डोळ्यांवर हात धरून म्हणाली, “यार अवि, ऑपरेशन थिएटर आहे का हे?”

आठ दिवस मी राजा होतो. डंपरवाले मला पाहून दिवे खाली करायचे. सायकलवाले मला पाहून रस्त्याखाली उतरायचे आणि काहीतरी बोलायचे. काच बंद असल्यामुळं मी ते शुभेच्छा समजायचो. गाय दिसली, ती पन्नास पावलांवरून. तिनंही मान फिरवली.

*

मग संक्रांतीच्या सुमाराला धुकं आलं.

दिल्लीकडचं धुकं ज्यानं पाहिलं नाही त्याला ते समजावून सांगता येत नाही. डोंगरातलं धुकं येतं, जातं, खेळतं. हे बसतं. घरी आलेल्या पाहुण्यासारखं पाय पसरून बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. यात गाडी चालवायची इथली एक रीत आहे. चारी इंडिकेटर लावायचे आणि पुढं जी गाडी असेल तिच्या मागच्या लाल दिव्यांना डोळे लावून चालत राहायचं. पुढचा त्याच्या पुढच्याला धरून असतो, तो आणखी पुढच्याला. सगळ्यांत पुढं कोण आहे आणि त्याला काय दिसतंय, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर घरीच बसावं लागेल.

नानांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्या आठवड्यात ठरलं होतं. दिल्लीतलं डोळ्यांचं इस्पितळ, सकाळी आठला हजर. ही तारीख दोनदा पुढं गेली होती, एकदा त्यांच्या साखरेमुळं, एकदा माझ्या ऑफिसमुळं. तिसऱ्यांदा गेली असती तर नाना परत तयार झाले नसते. त्यांनी तसं सांगितलंच होतं: “या वेळी झालं तर झालं. नाहीतर मी आहे तसा बरा आहे. मला वासावर जगता येतं.” तेव्हा जायचं होतंच.

सव्वासहाला निघालो. नाना पुढं माझ्या शेजारी, माकडटोपी, शाल आणि मांडीवर रिपोर्टची पिशवी. मेधा मागं. गेटवर पहारेकरी शेकोटीशी बसला होता. आमची गाडी पाहून उठला, हातानं डोळे झाकत जवळ आला.

“साहब, आज मत जाओ. कुछ ना दिख रहा.”

“अरे भाई, मेरी लाइट देखी?” मी म्हणालो.

ते बोललो तेवढाच काय तो त्या सकाळचा माझा पराक्रम.

गेटपासून शंभर पावलं गेलो आणि जग संपलं. मी दिवे पूर्ण लावले, आणि समोर भिंत उभी राहिली. खोटं सांगत नाही, भिंत. चुन्यानं नुकती रंगवलेली, बॉनेटला टेकलेली, माझ्याच उजेडानं लखलखणारी. मी जेवढा उजेड फेकत होतो तेवढा धुकं परत माझ्या तोंडावर फेकत होतं. मोठा दिवा लावला, भिंत आणखी जवळ आली. लहान केला, तरी होतीच. रस्ता नाही, कडा नाही, खांब नाहीत. स्टिअरिंगवरची माझी बोटं मात्र फार स्वच्छ दिसत होती, नखांतल्या मळासकट.

“दिसतंय का?” मेधानं विचारलं.

“हो.”

“काय दिसतंय?”

मी वायपर लावले.

“मला दोन वर्षं असंच दिसतंय,” नाना म्हणाले. “मी कुठं बोंब मारली?”

कुणाच्या तरी मागं लागावं म्हणून मी पुढं लाल ठिपका शोधत होतो. नव्हता. आरशात पाहिलं तर मागं दोन दिवे होते. थोड्या वेळानं चार झाले, मग सहा. मला बरं वाटलं, सोबत मिळाली म्हणून. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला, आणि हा प्रकाश मात्र अगदी योग्य जागी पडला. ही सोबत नव्हती. हे सगळे माझ्या मागचे झगझगीत लाल दिवे पाहून माझ्या मागं लागले होते. त्या रस्त्यावर सगळ्यांत पुढं जो असतो, ज्याला दिसत असणार असं सगळे धरून चालतात, तो मी होतो.

थांबावं तर मागचा येऊन आदळेल. चालावं तर कुठं? मी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं गाडी पुढं ढकलत होतो. बल्बच्या पंख्यांची बारीक घरघर ऐकू येत होती, रडक्या मुलासारखी. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला: चल की लवकर. एक धक्का बसला, गतिरोधक होता. आणखी काही वेळानं दुसरा. मी मनात म्हटलं, चला, रस्त्यावर तरी आहोत.

नाना डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून बसले होते. झोपले असावेत असं मला वाटलं. मला त्यांचा हेवा वाटला.

“अवि,” ते एकदम म्हणाले. “तिसरा कुठाय?”

“काय तिसरा?”

“धक्का. आपल्या गेटपासून हायवेपर्यंत तीन आहेत. दुसऱ्यानंतर लगेच तिसरा येतो, मी सव्वीसपर्यंत मोजतो तोवर. आज माझे साठ झाले.”

“हळू चालवतोय नाना, येईल की.”

“हळू चालवतोयस ते धरून साठ. आणि खालचा आवाज बदललाय. हे डांबर नाही, खडी आहे. थांब.”

“मागून गाड्या आहेत, असं मध्येच कसं…”

“थांब म्हणतो ना!”

नानांनी तो आवाज मला शेवटचा ऐकवला होता तो लक्ष्मीबाई नगरात, मी पतंगामागं गच्चीच्या कठड्यावर चढलो होतो तेव्हा. पायानं माझ्याआधी ऐकलं. ब्रेक लागला. मागं करकचून एक, दोन, तीन ब्रेक वाजले आणि मी खांदे आवळून धडकेची वाट पाहत बसलो. धडक बसली नाही. फक्त हॉर्न, सगळे मिळून.

मी उतरलो. गाडीच्या पुढं गेलो. माझ्या अंगावर माझेच दिवे, आणि समोर माझीच सावली धुक्यावर उभी, दहा फूट उंच, हात पसरलेली. मी एकेक पाऊल टाकत चाललो. आठ मोजली. नववं टाकायला पाय उचलला आणि खालून वास आला, गारढोण, कुजका. नाला. पायाखाली खडी संपली होती. कठडा नाही, दगड नाही, लाल फडकंसुद्धा नाही. नकाशातला तो देखणा पूल इथं यायचा होता.

मुख्य रस्ता उजवीकडं वळतो. वळण मला दिसलं नव्हतं. मी सरळ आलो होतो.

मी खाली बसलो. पाण्याचा आवाजही येत नव्हता. तो नाला वाहत नाही, नुसता असतो. आठ पावलं. चालणाऱ्या माणसाच्या वेगानंसुद्धा आठ पावलांना किती वेळ लागतो ते मी अजून कधीकधी मोजतो, ऑफिसच्या जिन्यात, बाजारात. फार कमी लागतो.

“अरे भाईसाहब, रोक क्यों दी?” मागच्या गाडीतून एक माणूस ओरडत आला. तो शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर होता. माझ्याजवळ पोचला, खाली पाहिलं. मग तो वळून आपल्या व्हॅनकडं निघाला. मीही मागोमाग गेलो. काचेवरची वाफ आतून कुणीतरी हातानं पुसली होती आणि त्या गोलातून दोन वेण्या आणि एक नाक बाहेर डोकावत होतं. बारावीच्या सराव परीक्षेची मुलं. माझ्या दिव्यांवर विश्वास ठेवून आलेली.

यापुढं मला विनोद सुचत नाही. बराच प्रयत्न केला आहे.

*

मेधा मोबाईलचा उजेड घेऊन मागं पळाली आणि एकेका गाडीला मागं घ्यायला लावलं. तोवर पाच गाड्या झाल्या होत्या. सगळ्यात शेवटच्याला का मागं जायचं ते कळेना, त्यानं आधी भांडून घेतलं. माझी गाडी उड्या मारत मागं गेली. एकदाचे सगळे वळणापर्यंत आलो.

“अब मैं आगे चलूँगा,” व्हॅनवाला म्हणाला. त्याच्या व्हॅनचे दिवे जुनाट, पिवळे, एक तर जरा तिरळाच होता. पण त्यात रस्त्याची कड दिसत होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी त्याच्या मागं लागलो. वीस पावलांत तो थांबला आणि उतरून परत आला. हात जोडून.

“भाईसाहब, आपकी लाइट से मेरे आगे भी सफेद हो जाता है. शीशे में अलग आँख फूटती है. या तो बंद कर लो, या घर जाओ.”

बंद केले तर मागचा मला ठोकणार. घरी गेलो तर नाना परत कधी तयार होणार नाहीत. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. रडू येत होतं हे लिहायला आता हरकत नाही.

“डिकीत माझी पिशवी आहे का रे?” मेधानं विचारलं.

तिची पिशवी म्हणजे हळदीकुंकवाची. दोन दिवसांपूर्वी मंडळात बायकांचं हळदीकुंकू झालं होतं. उरलेलं सामान वर घेऊन ये असं तिनं मला तीनदा बजावलं होतं. मी आणलं नव्हतं, आणि त्या काळात माझ्या हातून झालेलं तेवढंच एक पुण्यकर्म. मेधानं डिकी उघडली. तिळगुळाचा डबा, वाणाच्या उरलेल्या चार वाट्या आणि हळदीचं अर्धं पाकीट.

“मेधा, काय करतेस?”

“तुझ्या गाडीला हळद लावते. उतर, पाणी धर.”

तिनं वाटीत हळद कालवली, घट्ट, पिठल्यासारखी, आणि दोन्ही दिव्यांच्या काचांवर चार बोटांनी सारवली. एक थर वाळायच्या आत दुसरा. धुक्यात उभी राहून माझी बायको गाडीला हळद लावत होती, व्हॅनमधली मुलं खिडक्यांना नाकं लावून पाहत होती, आणि नाना आतून विचारत होते, “कुंकूही लावतेस का?”

“ते यानं मागं लावून घेतलंय, नाना.”

दिवे लावले. भिंत पडली. समोर मळकट, पिवळसर असा थोडासा उजेड आणि त्यात दोन हात रस्ता. रस्त्याची कड. कडेला वाळलेलं गवत. मी ते गवत इतक्या प्रेमानं पाहिलं की मागून परत हॉर्न वाजला.

शेखरनं पुढच्या रविवारी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाऊजी, हळदीच्या रंगाचं फारसं काही नाही. उजेड कमी झाला, म्हणून दिसलं. शेण फासलं असतं तरी चाललं असतं.” मेधानं हे मान्य केलेलं नाही. आमच्या घरात याचं श्रेय हळदीलाच जातं.

व्हॅनच्या मागून हायवेपर्यंत गेलो. तिसरा गतिरोधक लागला तेव्हा नानांनी नुसती मान डोलावली. हायवेवर ट्रकांची रांग मिळाली आणि व्हॅन आपल्या शाळेकडं वळली. जाताना ड्रायव्हरनं हात बाहेर काढून हलवला, तो निरोप होता की आणखी काही, ते मी विचारलं नाही. पुढं यमुनेच्या पुलापर्यंत नाना काच खाली करून, मान बाहेर काढून कडेच्या कठड्याकडं कान लावून बसले होते. “जवळ आलास… आता सर… हां, असाच.” त्यांच्या माकडटोपीवर दव जमलं होतं. माझं डोकं पुन्हा कुणाच्या तरी हनुवटीखाली असल्यासारखं मला वाटत होतं, आणि तरीही मी भीत होतो. लहानपणी त्या हनुवटीच्या वरचे डोळे काय भीत असतील, हे मी तेव्हा पहिल्यांदा मनात आणलं. उतरलेली बॅटरी, पुढं उभं केलेलं पोर आणि दोन हात रस्ता.

इस्पितळाच्या दारात पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. रखवालदारानं गाडीचं तोंड पाहिलं, मग आम्हा तिघांना पाहिलं आणि विचारलं, “शादी से आ रहे हो?”

*

उशीर झाला होता, पण धुक्यामुळं डॉक्टरांनाही झाला होता. नानांना खाटेवर बसवलं, डोळ्यांत थेंब घातले. एक तरुण मुलगी कागद घेऊन आली, गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र, आवाज गोड.

“अंकलजी, आपके फॉर्म में एक चीज़ रह गई है. लेंस दो तरह के आते हैं. एक बिल्कुल साफ, सफेद जैसा, उसमें सब चमकदार दिखेगा. दूसरा हल्का पीला होता है. दोनों अच्छे हैं, बस आपकी पसंद. कौन सा लिखूँ?”

सवयीचा गुलाम मी. सकाळपासून जे झालं ते झालं होतं, हातांना हळदीचा वास येत होता, तरी ‘चमकदार’ हा शब्द कानावर पडला आणि माझं तोंड उघडलं.

“मैडम, मुझे लगता है कि सफेद…”

नानांनी मिटल्या डोळ्यांनीच हात वर केला.

“बेटी, मुझे पीलावाला लिखो,” ते म्हणाले. “और सफेदवाला कोई बचा हो तो इसको डाल दो. इसको वैसे भी कुछ दिखता नहीं.”